चौदावी घोंगडी

सन १९४६च्या वैशाखात द्वारकाबाई वसमतला हिंगोलीच्या गाडीत चढल्या. समोर पुंजाजी धनगर आणि त्याची भावजय बसली होती. भावजयीचे कुंकू नुकतेच पुसलेले, मांडीवर कोरी घोंगडी. तिचा नवरा महारोग्यांच्या आश्रमात वारला होता. दोघे तिकडूनच परतत होते. त्यांचे बोलणे द्वारकाबाईंच्या कानावर पडत होते.

“भावजी, डागदर म्हनले, त्यांनी तिथं चौदा घोंगड्या इनल्या. दर साली एक, माझ्यासाठी. ही सोडून मला एकबी दिसली न्हाई.”

“नदीत सोडल्या, वैनी. पूर्णेत.”

“साऱ्या?”

“घरात लेकरं व्हती. त्या रोगाची चीज घरात कशी आणू?”

“लोकर तर आपल्याच मेंढरांची.”

“व्हय. मीच नेऊन देत व्हतो.”

“मग ते कधी इचारत नसतील?”

“दर बारीला इचारायचा. तिला ऊब लागते का म्हनून.”

“तुमी काय सांगायचे?”

“रोज पांघरते म्हनायचो.”

“आन् ते?”

“हसायचा. बोटं झडत चालली, तरी म्हनायचा, पुंज्या, औंदा जरा दाट इनतो.”

गाडी बरीच पुढे गेली.

“वैनी, हीबी सोडून देऊ. लेकरांसाठी म्हनतो.”

“लेकरांना लेकरं झाली, भावजी.”

खिडकीतून उन्हाची झळ येत होती. तिने घोंगडी उलगडली आणि डोक्यावरून अंगभर ओढून घेतली.

“काहून, वैनी? ऐन वैशाखात?”

“तेरा हिवाळ्यांची ऊब राहिली, भावजी.”