लेखी खुलासा

(यवतजवळचा ढाबा, सकाळी अकराचा सुमार. पुण्याला पेशंट पोचवून दौंडच्या अंगाला परतणारी, एका ग्रामीण रुग्णालयाची रुग्णवाहिका बाहेर उभी. आत ड्रायव्हर रोहिदास आणि निवासी डॉक्टर मोनाली.)

रोहिदास : दोन्ही हातांनी धरा कप, मॅडम. सांडाय लागलाय.

मोनाली : उजव्या हाताला पकडच नाही, मामा. मुंग्या येतायत अजून.

रोहिदास : येणारच की. पार पुण्यापातुर मूठ दाबून बसला व्हता. आरशात बघत व्हतो मी. एकदाबी हात हलवला न्हाई.

मोनाली : हलवला असता तर मायाचं रक्त परत सुरू झालं असतं. बाळंत झाल्यापासून थांबतच नव्हतं. तिच्या गटाच्या रक्ताची एक पिशवीसुद्धा नव्हती आपल्याकडे. गर्भपिशवी दाबून धरायची, एवढंच उरलं होतं.

रोहिदास : दोन घास खा. भजी सांगू?

मोनाली : नको. परवा सकाळपासून पाठ टेकलेली नाही, आता खाल्लं तर इथंच झोपेन. बाबा कारेगावला कंपनीत शिफ्ट करतात. त्यांना वाटायचं, पोरगी डॉक्टर झाली की बसून काम करेल.

रोहिदास : मगाशी फोन आला, तो आपल्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचा व्हता न्हवं?

मोनाली : हो. ड्यूटी सोडून कुणाला विचारून गेलात, म्हणाले. लेखी खुलासा द्या, तुमच्या मेडिकल कॉलेजला पाठवतो. मी इथं तीन महिने शिकायला आलेय, मामा. वरचे डॉक्टर शिकवतील असं सांगून पाठवलं होतं. वरचे डॉक्टर मला आजवर दोनदा दिसले.

रोहिदास : लिवा की, रोहिदासनं वडून न्हेलं म्हणून. दार धरून मीच हुबा व्हतो. तुमी चढल्याबिगर गाडी काढणार नव्हतो.

मोनाली : तेच विचारणार होते. एरवी पेशंट पुढं पाठवल्याचा कागद घेता आणि निघता. आजच का अडून बसलात?

रोहिदास : गेल्या साली अशीच एक बाळंतीण न्हेली. डॉक्टर कागद लिवून आत गेले. संगं फकस्त सासू. हितं यवतच्या अलीकडं सासू मला म्हणाली, पोरगी निजली वाटतं, गाडी जरा हळू घ्या. मला कळलं व्हतं. पर बोलवंना. घेतली हळू.

मोनाली : मग?

रोहिदास : मग काय. पुण्यापातुर हळूच न्हेली.

मोनाली : हे कुणाला सांगितलंत कधी?

रोहिदास : कुणी इचारलं न्हाई.

मोनाली : पण साहेबांचं सगळंच चूक नाही, मामा. आत दुसरी बाई कळा देत होती. तिला एकट्या सिस्टरवर टाकून मी आले.

रोहिदास : झाली का मोकळी?

मोनाली : झाली. मुलगी. पण तीन मिनिटं रडली नाही म्हणे. सिस्टर फोनवर सांगता सांगता स्वतःच रडली. तेव्हा मी हडपसरच्या गर्दीत होते.

रोहिदास : आता रडती न्हवं पोरगी?

मोनाली : रडते. दूधही ओढलं.

रोहिदास : आन् आपली माया?

मोनाली : गर्भपिशवी काढावी लागली. चोवीस वर्षांची आहे. वाचेल, म्हणाले. तिचा नवरा माझ्या पाया पडायला वाकला, तशी मी जिन्यानं खाली आले. पाया पडून घेण्यासारखं काही वाटत नव्हतं.

रोहिदास : जिती हाय, मॅडम. मी दोन्ही बघितलंय.

मोनाली : हं.

रोहिदास : मग खुलाशात माझं नाव घालताय न्हवं? माझी नोकरीची दोनच वर्सं ऱ्हायलीत. मला काय करत्यात?

मोनाली : नाही घालणार. माझी मी चढले. बायका दोन होत्या आणि डॉक्टर एक, एवढंच लिहिते.

रोहिदास : तेवढ्यावर साहेबांचं भागंल?

मोनाली : नाही भागणार. चला, गाडी काढा. एव्हाना तिसरी आली असेल.