डाव्या बाजूचा दरवाजा

नमस्कार मंडळी.

सोपानसाठी सगळे वेळ काढून आलात. पहिल्या पाळीवाले कंपनीतून थेट इकडेच आलेले दिसतात. मागे खुर्च्या आहेत, बसून घ्या. मला बोलायची सवय नाही. कंपनीत मी गाड्यांना दरवाजे बसवतो, तिथं बोलावं लागत नाही. पण कमलवहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही बोला. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

सोपान गेला त्या रविवारी सकाळी मी काय करत होतो, ते आधी सांगतो. देवापुढे दिवा लावला, खाली आलो आणि माझी गाडी धुवायला लागलो. गाडी धुतलेलीच होती. आदल्या दिवशीच धुतली होती. तरी धूत होतो. कारण रविवारी आमच्या बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या जागेत सोपान त्याची जुनी पिकअप उभी करायचा, बॉनेट उघडायचा, आणि बघता बघता अर्धी बिल्डिंग तिच्याभोवती गोळा व्हायची. मला वाटायचं, जाता-येता एकानं तरी माझ्या गाडीकडे बघावं. त्या दिवशी बॉनेट उघडलं नाही. सोपानचा धाकटा भाऊ रमेश धावत आला. हातातल्या ओल्या फडक्यासकट मी जिना चढलो. सोपान छातीत दुखतंय म्हणाला आणि गेला. वेळच दिला नाही त्यानं कुणाला.

मंडळी, अशा सभेत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. मीही चांगलंच बोलणार आहे. पण मला सोपानचा हेवा वाटायचा. हेवा वगळला तर माझ्याकडे सांगायला काही उरत नाही. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस फार बारकाईनं बघतो. मी सोपानकडे तसं बघितलंय.

आम्ही एका गावचे, आष्टी तालुक्यातले. एका शाळेत, एका तरटावर बसून शिकलो. भोसरीत एका खोलीत राहिलो. पुढे मी चाकणला कंपनीत कायम झालो. सोपाननं नोकरी सोडली आणि दोन हात फिरून आलेली एक पिकअप घेतली. वहिनी घरी स्वयंपाक करायच्या, आणि ज्या लहान कारखान्यांना स्वतःचं कँटीन नाही तिथं सोपान डबे पोचवायचा. गाडी आणली तेव्हा मी मनात म्हणालो, ही काय टिकते. हे मी देवाच्या दारात उभा राहून सांगतोय.

ती टिकली. नुसती टिकली नाही, दर रविवारी थोडी थोडी सुधारत गेली. क्लच त्यानं स्वतः बदलला. स्टिअरिंग जड होतं, ते हलकं केलं. टपाचं गळणं आतून पत्रा लावून बंद केलं. मोडीत निघालेल्या बसचा पंखा आणून केबिनमध्ये लावला. मागे डबे कलंडू नयेत म्हणून कप्पे केले. आमटीचा एक थेंब सांडत नव्हता, असं कारखान्यातली माणसं सांगायची.

आणि त्याची एक रीत होती. बघायला आलेल्या माणसाला तो नुसतं उभं राहू देत नसे. हातात काहीतरी द्यायचाच. ते कप्पे शफीकभाईंनी वेल्डिंग केले. वायरिंग गौतम कांबळेंनी केलं. देशमुखकाकांनी आयुष्यात कधी पाना धरला नव्हता, तर त्यांना बॅटरी धरायला दिली. काकांना डुलकी लागायची, उजेड भलतीकडे जायचा, आणि गाडीखालून सोपान म्हणायचा, "काका, इंजिन हिकडं हाय, तिकडं नुसतं कावळं बसल्यात." काका, तुम्ही हसताय. हसा. त्याला आवडलं असतं.

म्हणजे ती गाडी उघडली की आत माणसं सापडतात. इथं बसलेल्या प्रत्येकाचं त्या गाडीत काहीतरी आहे. माझी गाडी सर्व्हिसिंगला जाते आणि पुसून परत येते. तिचं बॉनेट उघडायचा खटका कुठं आहे, हे मला एकदा पेट्रोल पंपावरच्या पोरानं दाखवलं. माझ्या बायकोनं, शोभानं, सोपानच्या सीटांना कव्हरं शिवून दिली. आमच्या सीटांवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. मला हेवा वाटणार नाही तर काय होईल?

आता दरवाजाचं सांगतो.

चाकणला एका कारखान्याच्या फाटकातून गाडी मागं घेताना डावा दरवाजा उघडा राहिला होता. तो खांबाला अडकून उलटा फिरला. बिजागऱ्या वाकल्या. दरवाजा असा लोंबला की लागेचना. शफीकभाई म्हणाले, आणा, ठोकून देतो. सोपान म्हणाला, नको, तो भान्याचा आहे. भान्या म्हणजे मी.

संध्याकाळी जिन्यात मला गाठलं. म्हणाला, "भान्या, आरं तुज्यासाठी एक काम ठिवलंय. दार बसवून दे. त्यात तुज्यासारखा हात कुणाचा न्हाई."

मी म्हणालो, "बघू. सवड मिळाली की."

मला सवड मिळाली नाही. दसरा आला. सगळ्यांनी गाड्यांची पूजा केली. सोपाननं दोरीनं बांधलेल्या दरवाजालाही हार घातला. मी बघितलं आणि घरात गेलो. पुढचाही दसरा तसाच गेला. वहिनी उजव्या बाजूनं चढायच्या, पदर खोचून, गिअरची दांडी ओलांडून डावीकडे जाऊन बसायच्या, मग सोपान चढायचा. एकदा मी समोर असताना वहिनी त्याला म्हणाल्या, "माझं दार तुमच्या मित्राच्या रुसव्यात अडकलंय." तो हसला. मी हसलो नाही.

मी का नाही बसवलं? मला वाटायचं, हा मला खिजवतोय. सगळ्यांनी येऊन त्याच्या गाडीला हात लावलाच आहे, आता भान्यालाही आणून दाखवायचं आहे. मी दरवाजा बसवणार आणि लोक म्हणणार, बघा, सोपानची गाडी कशी झाली. रोज सकाळी दिव्यापुढे बसलो की हीच तक्रार करायचो. देव ऐकून घ्यायचा. देवाचं बरं असतं, तो मध्ये बोलत नाही.

सोपानचा तेरावा झाला आणि गाडीचा विषय निघाला. रमेश म्हणाला, विकून टाकू. त्याचं चुकत नव्हतं, त्याला वहिनींची काळजी होती. वहिनी म्हणाल्या, मी चालवेन. सोपाननं त्यांना शिकवलं होतं, लायसन्सही काढून दिलं होतं. पण एकटीनं डबे उतरवणं व्हायचं नाही. मदतीला शेजारच्या सुगंधामावशी जायला तयार होत्या, आणि मावशींच्या गुडघ्यांना ती गिअरची दांडी ओलांडणं जमेना. एकदा प्रयत्न केला, मध्येच अडकल्या, वहिनींनी धरून खाली घेतलं. रमेश म्हणाला, "वैनी, गाडीला दार न्हाई आन् मावशीला गुडघं न्हाईत. कशी चालवणार?" दुसऱ्याच दिवशी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली. पण उठलो तेव्हा मनात एकच होतं: आता बसवून काय उपयोग? ज्यानं बघायला हवं तोच नाही. खरं सांगतो, मला दरवाजा बसवायचा नव्हता, मला तो सोपानला दाखवायचा होता. दिव्यापुढे बसलो. आणि तक्रार करायला गेलो तर तक्रारच सापडेना. ज्याच्यावर करायची तो निघून गेलेला.

मग उठलो. लाकडाचा एक ठोकळा घेतला, पाने घेतले, खाली गेलो.

वहिनींना वरून दिसलं असणार. त्या एक कापडी पिशवी घेऊन खाली आल्या. आत नव्या बिजागऱ्या, त्यांच्या पिना, दाराच्या कडेचं रबर. म्हणाल्या, "हे त्यांनी केव्हाचं आणून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही." सोपान होता तोवर पिशवी सीटमागे होती, रोज डब्यांबरोबर चाकणला जाऊन येत होती. बिजागऱ्या चांगल्या होत्या. रबर वाट बघून कडक झालं होतं. ते मी नवं आणलं.

मंडळी, दरवाजा ठोकून बसत नाही. खालून लाकूड लावायचं, अंगाचा भार द्यायचा, थोडं उचलायचं, लावून बघायचं. कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा. कंपनीत मला हे रोजचं आहे, पण तिथं दरवाजा नवा असतो आणि कुणाचा असतो ते ठाऊक नसतं. काम चाललेलं असताना देशमुखकाका आले. भर उजेडात बॅटरी घेऊन आले. त्यांनी बॅटरी धरली. या वेळी डुलकी लागू दिली नाही.

शेवटी मी एका बोटानं दरवाजा ढकलला. तो लागला. चांगला बसलेला दरवाजा खणखणत नाही, एकदाच जाड आवाज करतो आणि गप्प होतो. वहिनींनी तो उघडून पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा. रमेशनं तिथंच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन केला, येऊ नका म्हणून.

ही आज सकाळची गोष्ट. आत्ता या सभेला वहिनी ती गाडी चालवत आल्या. सुगंधामावशी डाव्या बाजूनं उतरल्या, स्वतःच्या पायानं, आणि मागे वळून दरवाजा लावला. जे मंडपात होते त्यांनी ऐकलं असेल.

माझा हेवा गेला का? नाही. आज इथं जागा पुरत नाही, माणसं रस्त्यापर्यंत उभी आहेत, आणि मगाशी माझ्या मनात आलंच की माझ्या वेळी एवढी येतील का. आता ते बदलायचं वय राहिलं नाही. पण त्या गाडीत आजपासून माझंही काहीतरी आहे.

चला, उभे राहू या. सोपानसाठी थोडा वेळ शांत राहू. ज्याला त्याला मनात जे म्हणायचं ते म्हणा. मी एवढंच म्हणणार आहे:

सोप्या, दार बसवलं. तुझ्या बाजूचं उजवं दार अजून खडखडतंय. माझं नाही.