बाभळीखालचा हातमोजा

माझ्या मित्राला, समीरला घेऊन सिंगापूरबाहेर जाऊ नये, एवढं माझं ऐका.

ओमानच्या वाळवंटी डोंगरांत दिवसभर ऑफ-रोड बाइक चालवायला गेलो होतो. दगडधोंड्यांतून हाडं खिळखिळी झाली, तेव्हा एक बाभूळ दिसली. आसपास सावली तेवढीच. हातमोजे काढून बाइकवर ठेवले आणि मी गाइडच्या जीपमधून पाणी घेऊन आलो, तर झाडाखाली माझा उजवा मोजा आणि समीर उन्हात फोटो काढतोय.

"हे काय?"

"जागा धरली. आपण हॉकर सेंटरला जेवायला जाताना टेबलावर टिश्यू ठेवतो तशी. इथे टिश्यू उडाला असता."

"इथे कोण येणार आहे बसायला?"

"ऐन वेळी येतात रे."

आल्या की. शेळ्या. एकीने मोजा चघळला, बाकीच्या सावलीत ऐसपैस बसल्या.

"स्वतःचा का नाही ठेवलास?"

"मला अजून बाइक चालवायची होती ना."

उघड्या हाताने ब्रेक दाबत मी डोंगर उतरलो. तळहाताला फोड आले. उरलेला डावा मोजा त्याच्या अंगावर फेकला.

काल सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरला जेवायला गेलो, तर रिकाम्या टेबलावर तोच मोजा. समीर ताट घेऊन आला आणि म्हणाला, "बघ, इथे कोणी खाल्ला का?"