कार्बोरेटर पुन्हा कुणी काढला?

...आणि वर हा गॅरेजवाला मलाच विचारतो, "साहेब, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" आता काय सांगायचं? मी संशयी माणूस नाही हो, अजिबात नाही, पण मंगळवारी माझ्या डोळ्यांदेखत बसवलेला कार्बोरेटर पुढच्या मंगळवारी परत टेबलावर उघडा पडलेला दिसला, तर माणसानं काय टाळ्या वाजवायच्या?

तुम्हाला सांगतो, गाडी साधीसुधी नाही. वडिलांची! मसल कार म्हणतात ना, तसली... दोन दारं, आठ सिलिंडर, बॉनेट एवढं लांब की आधी गाडीचं नाक घरी पोचायचं, मग सावकाश वडील! ते गेले, गाडी शेडमध्ये गंजत पडली, आणि मृत्युपत्रात काय? 'दोन्ही मुलांची मिळून.' मिळून? दादाचं आणि माझं सहा वर्षं बोलणं नाही! वडिलांचं कपाट कुणाकडे जायचं यावरनं बिनसलं, आणि शेवटी ते कपाट दोघांच्याही दारातनं आत जाईना! पण आमच्या बायकांचं आपसात बोलणं चालू असतं. त्यांनीच ठरवलं, गाडी नीट करून घ्यायची, आणि दिली डॉक्टरकडे.

डॉक्टर म्हणजे मेकॅनिक हो! लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, डोळे मिटतो नि म्हणतो, "हं... तिसऱ्या सिलिंडरला त्रास आहे." म्हणून डॉक्टर. मी बघायला जायचं मंगळवारी, दादानं बुधवारी. तोंडं बघायला नकोत!

चौदा महिने झाले. चौदा! पत्रा ठोकून सरळ केला म्हणावं, तर पुढच्या खेपेला परत पुट्टी ओली. वायरिंग झालं म्हणावं, तर वायरी शेवयांसारख्या बाहेर. "साहेब, जुनी गाडी आहे, घाई करून चालत नाही..." मी संशयी माणूस नाही, पण म्हटलं, हा आपले अस्सल पार्ट काढून भलतेच घालतोय. म्हणून काय केलं, डॉक्टर हात धुवायला गेला तेव्हा खिळ्यानं कार्बोरेटरच्या खाली बारीक फुली मारून ठेवली. पुढच्या मंगळवारी बघतो तर फुली आहे... आणि शेजारी गोल! कुणी काढला गोल? हा काय शाळेतला खेळ आहे?

झालं! गुरुवारी भर दुपारी, कुणाचाच वार नसताना, मागच्या दारानं आत शिरलो आणि टायरच्या थप्पीमागे बसलो. गुडघा काय ओरडतोय म्हणता! इतक्यात पुढनं कोण यावं? दादा! गुरुवारी! बाकावर बसला, नि डॉक्टरला विचारतो, "काय म्हणत होता परवा?"

"गुडघा दुखतो म्हणाले. जिना चढवत नाही."

"गोळ्या घेतो का?"

"कंटाळा करतात."

"लहानपणापासून तसलाच... बरं, तो कार्बोरेटर काढा परत."

"अहो साहेब, चारदा काढला! गाडी केव्हाचीच तयार आहे, मी खोटं तरी किती बोलू?"

"काढा हो! गाडी झाली की तो इकडे फिरकणार आहे का? मग त्याचं काय चाललंय ते मला कोण सांगणार?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? मी उठलो, थप्पी कोसळली, एक टायर गडगडत थेट दादाच्या पायाशी, आणि माझ्या तोंडून सहा वर्षांनी पहिला शब्द, "चोर!" म्हणजे मला दादाच म्हणायचं होतं हो... तो म्हणतो, "चोर मी? टायरमागे कोण लपलंय? आणि ती फुली तुझी ना? मी गोल काढून ठेवला, म्हटलं हा पार्ट पळवतोय की काय!" बघा! माझ्यावर संशय! सख्ख्या भावावर!

भांडलो. मनसोक्त भांडलो. कपाटापासून सगळं काढलं. शेवटी डॉक्टरनं दोघांना धरून गाडीत कोंबलं नि किल्ली फिरवली. अहो, काय आवाज! छातीत घुमला! खिडकीच्या काचा थरथरल्या. वडील असेच अंगणात उगाच रेस करायचे, आई आतनं ओरडायची... दादानं डोळे पुसले. म्हणाला, "धूर." मी म्हटलं, "हो, धूर फार आहे." धूर कसला, धुराडं मागे आणि आम्ही पुढे!

इंजिन बंद झालं. डॉक्टर म्हणाला, "जा घेऊन." कुणीच हलेना. डॉक्टर बघतोय, दादा स्टिअरिंगकडे बघतोय. मग मी आपलं दार उघडलं, लावलं, परत उघडलं, म्हटलं, "दादा, हे जरा घासतंय, नाही?" तो उतरून माझ्या बाजूला आला, वाकून बघितलं, म्हणाला, "घासतंय काय, निखळायला आलंय!"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला, आणि पाना उचलला.

तर आता दाराचं काम चाललंय. मंगळवार-बुधवार बंद, आम्ही दोघं रोज जातो, एकाच बाकावर बसतो. अहो, जावंच लागतं... त्या दादाचा काय भरवसा!