माझी वार कोणाला लागली?

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. मालक पांडेसऱ्यात साड्या रंगवायच्या मिलमध्ये लागले म्हणून मी सुरतेत आली. काय सांगू तुम्हाला, तेव्हाची मी म्हणजे बावळटांची पाटलीण! पहिल्या बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात निघाली तर सासूने हातात मडकं दिलं, आमच्यात बाळामागून पडणारी वार न्हाणीत पुरतात, त्यावर आईची अंघोळ होते, मग पोर घर धरून राहतं. मी कळा देतानापण मडकं सोडलं नाही, अख्खा वॉर्ड हसे, एकीला वाटलं मी ताक विकायला आली.

पोऱ्या झाला. वार मागितली तर नर्सबाई म्हणे, बेन, ए तो फेंकी दीधी. मी नंदीबैलासारखी मान हलवली अन् रिकामं मडकं घेऊन घरी. सासू म्हणे, वार कोठे शे वं? मी म्हटलं, फेकली. तिने कपाळ बडवलं अन् रिकामं मडकंच पुरलं, हळदकुंकू वाहिलं, अन् मीपण त्यावर शहाण्यासारखी अंघोळ केली! पोऱ्या पुढे ट्रकवर लागला, घरी कमी अन् रस्त्यात जास्त, तर सासू मरेपर्यंत म्हणायची, वार कुत्र्याने नेली, पोर कसं थांबेल. मी हसते, पण ते कुत्रं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

आता नात नर्सिंगला आहे. तिच्या कॉलेजात त्याच दवाखान्यातले एक म्हातारे डॉक्टर बोलायला आले, ती मला घेऊन गेली. ते सांगत होते, वारेवरचा पातळ पापुद्रा आम्ही भाजलेल्या माणसांच्या अंगावर लावून बघायचो, आग थांबायची, कातडी भरायची, त्यातूनच शिकलो, पण ज्या बाळंतिणींची वार घेतली त्यांना कोणी विचारलं नाही, त्या मातांना आज नमस्कार. टाळ्या पडल्या. मी उभी राहिली. नात पदर ओढते, आजी, बस ना! मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझी कोणाला लावली?

 डॉक्टर म्हणाले, बा (गुजरातीत आईला बा म्हणतात), आम्ही नावं ठेवली नाहीत, तुमची घेतली की नाही तेपण सांगता येत नाही.

मिलमध्ये उकळत्या रंगाने भाजलेले कितीतरी आमच्याच गल्लीतले. आता बाजारात कोणाच्या हातावर जुना डाग दिसला की मी टक लावून बघते, नात चिडते. चिडू दे. कुत्र्यापेक्षा हे बरं. ज्याला लागली असेल तो सुखात राहो. पण विचारायला पाहिजे होतं, बाबा. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? त्या वयात? अहो, मी म्हटलं असतं, सासूला विचारून सांगते.