धानाच्या खोलीतलं यान

(सिंदेवाहीजवळचं गाव, भर दुपार. मोबाइलवर ऐकायच्या भयनाट्याचं रेकॉर्डिंग; आवाज घुमू नये म्हणून धानाच्या पोत्यांनी भरलेली खोली निवडलेली. माइक धरून संघप्रिया. समोर झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीस वर्षं गाजलेल्या वच्छलाबाई.)

वच्छलाबाई : ...दार मीच लावलं, पोरीऽऽ!

संघप्रिया : थांबा, बाई, थांबा! माइक फाटून राह्यला. कोणाले आवाज देऊन राह्यल्या तुम्ही?

वच्छलाबाई : शेवटच्या रांगेतल्या माणसाले. मंडईच्या जत्रेत रातभर नाटक, तो अर्धा झोपला रायते.

संघप्रिया : इथी शेवटची रांग नाईच. आयकणाऱ्याच्या कानात इअरफोन. तुमचं तोंड अन् त्याचा कान, मधात कोणी नाई.

वच्छलाबाई : ना पडदा, ना लाइट, ना पेटी. मंग भेव कायचं वाटन? अन् अवकाशात यान धाडणारे भुताले भेतेत का? तुहा बाप तं भूतखेत मानतच नाई.

संघप्रिया : बाबाले पयलेच सांगतलं, भूत नाई म्हणून. शंभर वर्षांपासून रिकामं यान आहे. माणसं मेली, पण यानाचा कॉम्प्युटर रोज दिवे लावते, जेवणाची घंटा वाजवते, चादरी बदलवते. अन् एक दिवस एक पोरगी आत येते.

वच्छलाबाई : म्हंजे एकटी बाई आहे ते.

संघप्रिया : हो. तेच तुम्ही.

वच्छलाबाई : मी नोको, पोरी. दुसरी पाय. दिवाळीनंतर भरल्या मंडपात आवाज फाटला माहा. तवापासून नाटक कंपनीची प्रचारगाडी गावोगाव फिरते, भोंग्यावर सगळ्यायची नावं घेते. माहं नाई. दया करून बलावलं असशीन तं घरी जातो मी.

संघप्रिया : दया कायची? तीन पोरींचे आवाज घेतले मी. गोड आहेत, पण भेव एकीचंही नाई वाटत. मोहफुलं वेचताना वाघ पायला का, बाई, तुम्ही?

वच्छलाबाई : दोनदा.

संघप्रिया : दिसला तवा भेव वाटलं?

वच्छलाबाई : नाई वं. दिसला तं पाय आपोआप चालतेत. भेव त्याच्या आंधी. झाडावर वानर खाकरते, एकच डाव. मंग सारं जंगल चूप. आपण टोपली धरून उभे, अन् कोणतं झुडूप ते समजत नाई.

संघप्रिया : बस, तेच! स्टेजवर वाघ दाखवा लागते. इथी नुसतं वानर खाकरलं का झालं.

वच्छलाबाई : अस्सं? म्हंजे वाघ आणाचाच नाई. ...पोरगी कुठी उभी आहे?

संघप्रिया : दाराजवळ. तिले घरी जायचं आहे.

वच्छलाबाई : अन् मले तिले जाऊ द्यायचं नाई. पण दमदाटी कायले करू मी? इतक्या वर्सांनं कोणीतरी आलं. ...लाव तुही मशीन.

संघप्रिया : चालूच आहे.

वच्छलाबाई : दार मीच लावलं, पोरी. बाहेर कोणीच नाई. जेवून घे. शंभर वर्सांपासून... गरम ठेवलं.

संघप्रिया : (मशीन बंद करून बाही वर सारते.)

वच्छलाबाई : काय झालं? बिघडलं?

संघप्रिया : हात पाहा माहा. भर दुपारी काटा आला.

वच्छलाबाई : 'गरम'जवळ आवाज फाटला ना?

संघप्रिया : फाटला. तिथंच आला काटा. तो बिलकुल काढत नाई मी.

वच्छलाबाई : ...यात नावं सांगतेत का, सुरुवातीले?

संघप्रिया : सांगतेत ना. तुमचं पयलं.

वच्छलाबाई : मंग हळूच सांगजो. कान देऊन आयकू दे लोकायले.