श्रावणचा शर्ट घातलेला माणूस

मी, रीता श्रावण नन्नावरे, वय ४१ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा शेतमजुरी, रा. सालेटोला, तह. देसाईगंज, जि. गडचिरोली, आज दि. १०/१२/२०२४ रोजी दुपारी ३ वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी नवरा श्रावण याच्यासह राहते. आमची मुलगी हर्षा, वय १६, अकरावीत असून वडसा येथे वसतिगृहात राहते. मला सहा वर्षांपासून सरकारी दवाखान्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी झोप फार येते व राखण होत नाही, म्हणून दिवाळीपासून मी त्या बंद केल्या. श्रावणला हे माहीत नव्हते. तो गोळी हातावर ठेवायचा, मी ती जिभेखाली धरून नंतर थुंकत असे.

राखण कशाची, असे विचारल्यावरून सांगते की, माझी आजी बायनाबाई हिच्यावर गावाने जादूटोण्याचा आळ घेतला होता. पाच माणसे काठ्या घेऊन घरी आली. माझी आई गिरजाबाई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती धानाच्या कोठीत लपली. आजी चौथ्या दिवशी वारली. केस झाली नाही. आई मला जेवायला वाढताना हे सांगत असे. दाराशी दोन-तीन पुरुष बोलू लागले की ती मला कोठीत घालत असे. ती माणसे आता जिवंत नसतील, असे आपण म्हणता. ते मलाही माहीत आहे. तरी ती येतात.

रविवारी दि. ८ रोजी सकाळी ११ वाजता मी वसतिगृहात गेले व हर्षाची मामी वारली असे सांगून तिला घेऊन आले. मामी जिवंत आहे. आम्ही घरी न जाता जंगलाला लागून असलेल्या धानाच्या पडीक बांधीतल्या झोपडीत गेलो. सोबत मुरमुरे, पाण्याचा डबा व विळा होता. त्या भागात वाघ आहे. वाघाची मला भीती वाटली नाही. हर्षा पहिल्या दिवशी रडली. "आई, कोनी नाई इथी. घरी चाल ना," असे ती म्हणत होती. मी तिला गप्प केले.

आज सकाळी १० वाजताच्या सुमारास पाच माणसे काठ्या घेऊन शेताच्या धुऱ्यावरून येताना दिसली. वनरक्षकांचे म्हणणे आहे की ते तिघेच होते, श्रावण, माझा दीर आदेश व ते स्वतः, आणि काठ्या वाघाकरिता होत्या. मी पाच मोजली. पुढच्या माणसाने श्रावणचा निळा शर्ट घातला होता. चेहराही श्रावणसारखा केला होता. तो म्हणाला, "रीता, मी आहो. विळा ठेव खाली." मी त्याच्या हातावर विळा मारला. तो पळाला नाही. त्याने मला मारलेही नाही. खाली बसला व म्हणाला, "हर्षा, आईले धर, ते पडन." तेव्हा तो श्रावणच आहे हे मला समजले. त्याला अकरा टाके पडले आहेत. त्याने तक्रार देण्यास नकार दिला, असे मला सांगण्यात आले.

मुलीबद्दल विचारल्यावरून सांगते की, काल दुपारी मी काही बोलले नसताना हर्षाने माझा हात दाबला. म्हणाली, "आई, बोलू नोको. बाहेर कोनी चालून राह्यले." इतकी वर्षे मी एकटीच ऐकत होते. मला बरे वाटले. हेही लिहावे.

आज इथे बाकावर बसलो असताना ती पुन्हा म्हणाली, "आई, ते खिडकीखाली उभे हायेत." मला कोठीत घालताना माझ्या आईने बाहेर कोणी नाही असे कधी म्हटले नव्हते. मी हर्षाला म्हटले, "कोनी नाई, माय. भास होऊन राह्यला तुले. आपुन दोघीही दवाखान्यात जाऊ." हे म्हणत असताना मला खिडकीखालून बोलणे ऐकू येत होते. मी तिकडे पाहिले नाही.

जबाब संगणकावर घेतला. महिला शिपाई यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्या वेळी माझे लक्ष नव्हते. मी सांगितले तसाच लिहिला आहे, म्हणून सही करते.